वर्गातून संशोधनाकडे: कर्णबधिरांचं शिक्षण आणि समुपदेशन यांची सांगड कशी घालावी?

प्रश्न: मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत सहा वर्षं शिकवते आहे. विशेष शिक्षणाची पदवी आहे. वरच्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत माझ्यापाशी येतात. घरी कुणी आपल्याशी बोलत नाही, सारखा राग येतो, शाळाच नको वाटते, असं काहीबाही सांगतात. समजून घेण्यापलीकडे मला काही करता येत नाही. म्हणून समुपदेशन मानसशास्त्रात एमए, मग पीएचडी आणि पुढे विद्यापीठात अध्यापन असा विचार आहे. सहकारी म्हणतात, विषय फार अरुंद आहे. शिक्षणशास्त्रात राहा, नाहीतर सरळ मानसशास्त्राकडे जा. एका प्राध्यापकांनी पीएचडीसाठी 'कर्णबधिर आणि ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आत्मसन्मानाचा तुलनात्मक अभ्यास' हा विषय सुचवला आहे. वर्गात मी खुणा वापरते, त्यामुळे भाषेची अडचण नाही. सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षिका

उत्तर: तुम्ही 'भाषेची अडचण नाही' असं लिहिलं आहे, ते आधी तपासून पाहू. पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. वर्गात खुणा वापरणं आणि सांकेतिक भाषा येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच शाळांत शिक्षक तोंडाने बोलीभाषेतलं, म्हणजे मराठीसारख्या बोलल्या जाणाऱ्या भाषेतलं, वाक्य बोलतात आणि त्यातल्या दोन-चार शब्दांना खुणा जोडतात. धडा शिक्षकांनी निवडलेला असतो, शब्द ठरलेले असतात, फळ्यावर चित्र असतं, त्यामुळे तेवढ्यावर भागतं. समुपदेशनात मात्र विषय समोरचा निवडतो. काल रात्री घरात झालेलं भांडण एखादी मुलगी सांगते, तेव्हा बाबा उजवीकडे, आजी डावीकडे अशा जागा ती हवेत ठरवते, खांदे वळवून क्षणात बाबा होते, क्षणात आजी. भुवया वर गेल्या की प्रश्न, मान हलली की नकार. कोण कोणाला काय म्हणालं हे त्या जागांमध्ये आणि चेहऱ्यात असतं. एक जागा चुकली, तर ओरडणारा कोण आणि मार खाणारा कोण याची अदलाबदल होते.

स्वतःची परीक्षा अशी घ्या. एखाद्या कर्णबधिर प्रौढ व्यक्तीला तिच्या कामाच्या ठिकाणच्या वादाबद्दल दहा मिनिटं सांगायला सांगा. तुमच्यासाठी वेग कमी करू नका, असं आधीच बजावा. दुसऱ्या दिवशी तीच हकिकत तुम्ही दुसऱ्या कर्णबधिर व्यक्तीला सांकेतिक भाषेत सांगा आणि तिला काय कळलं ते पहिल्या व्यक्तीकडून पडताळून घ्या. माणसं, क्रम आणि कारणं जुळली तर पाया चांगला आहे. जुळली नाहीत तर प्रवेश अर्जाआधी भाषा. भाषांसाठीचे ए१ (नवशिका) ते सी२ (निष्णात) हे युरोपीय स्तर आता सांकेतिक भाषांनाही लावले जातात. त्या मापाने शिकवायला बी२ आणि दुभाष्याशिवाय समुपदेशन करायला सी१, असं आमचं मत आहे. आठवड्याला सहा-आठ तास कर्णबधिर प्रौढांच्या सहवासात काढले, तर वर्गातल्या खुणांपासून तिथवर पोचायला दोन-तीन वर्षं धरून चाला. प्रौढांचा आग्रह एवढ्यासाठी की शाळेतल्या पुष्कळ मुलांची स्वतःचीच भाषा अजून घडत असते; त्यांच्याकडून शिकलेली भाषा तितकीच अपुरी राहते.

हा आग्रह सभ्यतेपोटी नाही. तुमचे दोन विषय जिथे जुळतात तो सांधाच मुळी भाषेचा आहे. दहापैकी नऊहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात सगळे बोलतात आणि ते बोलणं मुलापर्यंत पोचत नाही. यंत्राने पुरेसं ऐकू येत नसेल आणि घरात सांकेतिक भाषाही नसेल, तर पहिली पाच वर्षं कुठलीच पूर्ण भाषा न मिळता निघून जातात. याचे परिणाम किती खोल जातात हे भाषासंशोधक रेचल मेबेरी यांच्या कामातून दिसलं. बोलीभाषा शिकल्यानंतर ज्यांचं ऐकणं गेलं आणि मग जे सांकेतिक भाषा शिकले, ते पुढे त्या भाषेत चांगले तयार झाले. जन्मतः कर्णबधिर असून ज्यांना त्याच वयात पहिल्यांदा भाषा मिळाली, ते मागेच राहिले. उशिरा शिकलेली दुसरी भाषा जमते, पण पहिलीच भाषा उशिरा मिळाली तर ती उणीव भरून काढणं फार कठीण जातं.

भाषेबरोबर मनाबद्दल विचार करण्याची ताकदही अडून राहते. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी, चुकीचीही समजूत असू शकते, हे लहान मुलं साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी ओळखू लागतात. कॅन्डिडा पीटरसन आणि मायकेल सीगल यांनी १९९५ मध्ये दाखवलं की ऐकू येणाऱ्या घरांतल्या अनेक कर्णबधिर मुलांना हे कितीतरी उशिरापर्यंत जड जातं. ज्या मुलांना जन्मापासून घरातच सांकेतिक भाषा मिळते त्यांना मात्र ते जड जात नाही, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. अडचण कानाची नाही, भाषा न मिळाल्याची आहे. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून एक नवी सांकेतिक भाषा मुलांमध्ये घडत गेली. तिच्या पहिल्या पिढीतल्या प्रौढांकडे 'वाटणं', 'ठाऊक असणं' यांसारखी क्रियापदं कमी होती आणि अशा चाचण्यांत ते मागे पडत. ती क्रियापदं त्यांच्या भाषेत रुळल्यावर चाचणीतली कामगिरीही सुधारली. जेनी पायर्स आणि ॲन सेंगास यांचा हा अभ्यास २००९ चा. तो मुळातून वाचा.

आता हे तुमच्या कामात कसं दिसेल ते पाहा. पंधरा वर्षांच्या मुलाने वर्गमित्राला मारलं. समुपदेशक विचारतो, 'का मारलंस?' मुलगा सांगतो: तो आला, पेन घेतलं, मी उठलो, मारलं, बाई आल्या. कारण विचारलं आणि क्रम मिळाला. पुन्हा विचारलं तर तीच हकिकत जरा मोठ्या खुणांनी. ज्याला ही पार्श्वभूमी ठाऊक नाही तो अहवालात लिहितो, 'अंतर्दृष्टीचा अभाव, पश्चात्ताप नाही.' ज्याला ठाऊक आहे तो आधी पाहतो की या मुलाकडे 'आधी–नंतर', 'त्यामुळे', 'अपमान', 'मत्सर' यांसाठी खुणा आहेत का. नसतील तर चार चौकटींचं चित्र काढून, प्रत्येक चौकटीतल्या माणसाच्या डोक्यावर विचाराचा फुगा काढून तीच घटना मांडतो आणि फुग्यात काय होतं ते मुलाला भरायला लावतो. अनेकदा कारण तिथे सापडतं: पेन मोठ्या भावाने दिलेलं होतं.

चूक उलट्या बाजूनेही होते. मुलगी महिनाभर जेवत नाही, झोपत नाही, आणि सगळे म्हणतात, 'ही मुलं अशीच असतात.' खरा आजार बहिरेपणाच्या आड दडून जातो. भाषेची उणीव आणि मनाचा आजार यांतला फरक ओळखणारी माणसं तयार करणं, त्यासाठी चाचण्या आणि पद्धती उभ्या करणं, हेच तुमच्या दुहेरी क्षेत्राचं काम आहे आणि ते करणारे फार थोडे आहेत. विषय अरुंद आहे म्हणणाऱ्यांना आमचं उत्तर हेच.

आता प्रबंधाचा विषय. प्राध्यापकांनी सुचवलेला विषय घेऊ नका. हे स्पष्टच सांगतो, कारण या विषयावर अनेकांची तीन-चार वर्षं जातात. रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान मापिका घ्या. १९६५ ची, दहा विधानांची, अजूनही सर्वाधिक वापरात असलेली. त्यातली पाच विधानं नकारात्मक अंगाची आहेत. 'माझ्यात अभिमान वाटावा असं फारसं काही नाही' अशा अर्थाच्या विधानाला 'असहमत' म्हणायचं, म्हणजे दोन नकार मनात उलटवायचे. वाचन कच्चं राहिलेला विद्यार्थी इथे अडखळतो आणि मिळेल तो पर्याय भरतो. तुम्ही टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरी ताडणारी संख्याशास्त्रीय कसोटी) लावता, दोन गटांत 'लक्षणीय फरक' येतो, आणि प्रत्यक्षात मोजलेलं असतं वाचन. शिवाय 'कर्णबधिर' हा एकसंध गट नाही. जन्मापासून सांकेतिक भाषेत वाढलेली मुलगी, दीड वर्षाचा असताना कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) झालेला मुलगा आणि आठव्या वर्षी शाळेत येईपर्यंत कुठलीच भाषा न मिळालेला मुलगा यांची सरासरी काढली, तर ती तिघांपैकी कुणाचीच नसते. आणि समजा, निष्कर्ष खरा निघाला, तरी त्यातून कुठल्याही मुलासाठी उद्या काय वेगळं करायचं ते कळत नाही.

त्याऐवजी एखादं साधन तयार करा. आधीपासून वापरात असलेली एक छोटी मानसिक आरोग्य चाचणी तुमच्या इथल्या सांकेतिक भाषेत आणणं आणि ती खरोखर मोजते का हे सिद्ध करणं, हा पीएचडीला पुरेसा ऐवज आहे आणि नंतरही लोक तो वापरतील. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ ब्रिटिश सांकेतिक भाषेत आणून तिची विश्वसनीयता २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तो अभ्यास समोर ठेवा. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. सोपं वाटतं. पण आठवा प्रश्न हालचाल किंवा बोलणं संथ झाल्याबद्दल आहे. तिथे खुणा संथ होणं हवं. सातव्यात एकाग्रतेचं उदाहरण म्हणून वर्तमानपत्र वाचणं येतं. जो एरवीही वाचत नाही त्याला ते लागू नाही. 'गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस' हे तर सर्वांत अवघड. त्यासाठी १४ चौकोनांची पट्टी पडद्यावर दाखवून 'काही दिवस' आणि 'निम्म्याहून जास्त दिवस' यांतला फरक रंगवून दाखवावा लागतो. इतर चाचण्यांत फोनवर बोलण्याचा संकोच किंवा माणसं कुजबुजतात असं वाटणं, असेही प्रश्न भेटतील. कर्णबधिर माणसाच्या बाबतीत त्यांचा अर्थच बदलतो.

कामाचा क्रम साधारण असा राहील. हक्क राखीव असतील तर प्रकाशकाची लेखी परवानगी आधी घ्या. भाषांतर झाल्यावर ती नाकारली गेली तर वर्ष वाया जातं. दोन कर्णबधिर अनुवादकांकडून स्वतंत्र भाषांतर करून घ्या. एकमेकांचं पाहू देऊ नका. मग चार-पाच जणांची समिती बसवा. तिच्यात कर्णबधिर सदस्य बहुसंख्य असावेत आणि मानसिक आरोग्यातलं एक जाणकार असावं. ठरलेलं रूप चित्रित करा. मग ज्याने मूळ चाचणी पाहिलेलीच नाही अशा व्यक्तीकडून ते उलट बोलीभाषेत आणून घ्या आणि मुळाशी ताडून पाहा. त्यानंतर आठ-दहा जणांसोबत एकेक प्रश्न दाखवून विचारा, 'यात काय विचारलंय ते तुमच्या पद्धतीने सांगा.' भाषांतर कितीही बिनचूक वाटलं तरी खड्डे इथेच दिसतात. दुरुस्त्या करून पुन्हा चित्रीकरण. नंतर मुख्य नमुना, दोन आठवड्यांनी त्यांतल्या काहींची फेरचाचणी. प्रत्येक प्रश्नामागे किमान पाच ते दहा माणसं हा ढोबळ ठोकताळा धरला, तर नऊ प्रश्नांना पंचेचाळीस ते नव्वद माणसं लागतात. ती मिळवायलाच वर्ष-दीड वर्ष जाईल, असं वेळापत्रकात लिहा. मार्गदर्शकाने सहा महिने म्हटलं तरी.

चित्रीकरणाबद्दल थोडं, कारण यात हमखास पैसे वाया जातात. साइन करणाऱ्याचे कपडे एकरंगी आणि त्वचेच्या रंगापासून उठून दिसणारे हवेत, हातात-बोटांत दागिने नकोत, चौकटीत डोक्याच्या वर थोडी जागा आणि खाली कंबरेपर्यंत, दोन्ही कोपर बाहेर आल्यावरही मावतील इतकी रुंदी. प्रश्न संपल्यावर चेहरा तटस्थ व्हायला हवा. सहानुभूतीने भुवया चढलेल्या राहिल्या तर पाहणाऱ्याला 'हो' म्हणावंसं वाटतं. एकच प्रश्न बदलायचा झाला तरी माणूस, कपडे, पार्श्वभूमी तीच लागते, म्हणून तो सदरा जपून ठेवा आणि त्या व्यक्तीशी पुढच्या वर्षभराचं बोलणं आधीच करून ठेवा. मानधनासकट.

मोठा नमुना मिळणारच नसेल तर छोट्या संख्येचे अभ्यास कमी दर्जाचे मानू नका. एखादी समुपदेशन पद्धत उपयोगी पडते का हे पाहायला सिंगल केस डिझाइन वापरता येतं: किमान तीन सहभागी, प्रत्येकासाठी हस्तक्षेप वेगवेगळ्या वेळी सुरू करायचा, आणि प्रत्येक टप्प्यात किमान पाच मोजमापं. हस्तक्षेप सुरू झाला तिथेच प्रत्येकाचा आलेख बदलला तर तो योगायोग नाही असं म्हणता येतं. गडबड होते ती आधीच्या टप्प्यात. मुलाला मदतीची घाई असते, शाळेला असते, आणि दोन मोजमापांवरच काम सुरू होतं. मग अभ्यासात दम राहत नाही. ज्याला तातडीची गरज आहे त्याला अभ्यासात घेऊच नका. त्याला थेट मदत द्या.

कुठलाही अभ्यास असो, प्रत्येक सहभागीबद्दल या गोष्टी नोंदवा: ऐकणं कधी गेलं, चांगल्या कानाची पातळी यंत्राशिवाय आणि यंत्रासह, कारण ठाऊक असल्यास ते, यंत्र किंवा इम्प्लांट कोणत्या वयात, आईवडिलांना ऐकू येतं का, घरात कुठली भाषा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पूर्ण समजणारी भाषा पहिल्यांदा कोणत्या वयात मिळाली. इतर अपंगत्वही विचारा. उशर सिंड्रोममध्ये दृष्टीही हळूहळू कमी होते. त्या मुलाचं एकटेपण वेगळं असतं आणि चाचणीची चित्रफीतही त्याला वेगळी लागते. ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) तुम्हाला वाचता येतच असेल, पण शोधनिबंधात जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची वर्गवारी वापरा. तिच्यात ६५ ते ८० डेसिबलच्या आत तीव्र, ८० ते ९५ च्या आत अतितीव्र आणि त्यापुढे पूर्ण बहिरेपण. जुन्या वर्गवारीचे आकडे तिच्यात मिसळले की तुलना कोलमडते.

संमती आणि गोपनीयता यांवर आचारसंहिता समिती तुम्हाला नेहमीचाच अर्ज देईल. तो पुरत नाही. संमतीपत्र सांकेतिक भाषेतल्या चित्रफितीत द्या आणि सही घेण्याआधी 'मध्येच थांबायचं असेल तर काय कराल?' असं विचारून उत्तर मिळतं का पाहा. सांकेतिक भाषेची चित्रफीत निनावी करता येत नाही, कारण व्याकरण चेहऱ्यावरच असतं. चेहरा धूसर केला की अर्थ गेला. त्यामुळे फीत कोण पाहणार, कुठे आणि किती दिवस ठेवणार, व्याख्यानात दाखवणार का, यांची प्रत्येकाची वेगळी परवानगी घ्या. टिपण करायला इलान हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. एका मिनिटाच्या फितीचं बारीक टिपण करायला तासभरही लागू शकतो. मुलाखती ठरवतानाच हा हिशेब करा.

समाजाचा विश्वास बसायला वेळ लागेल, आणि त्याला कारण आहे. १८८० मध्ये कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या मिलानच्या परिषदेने शाळांमधून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याच्या बाजूने ठराव केला. कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात बांधले गेले. सांकेतिक भाषेलाही स्वतःचं व्याकरण आहे हे अमेरिकेतले अभ्यासक विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये भाषाशास्त्राच्या कसोटीवर मांडलं, आणि मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परिषदेने व्हँकुव्हरमध्ये खेद व्यक्त केला तो थेट २०१० मध्ये. तज्ज्ञ आले, मोजून गेले आणि निर्णय आपल्याविरुद्ध झाले, ही आठवण जिवंत आहे. कर्णबधिर सहसंशोधक पहिल्या दिवसापासून घ्या, मानधन द्या, शोधनिबंधावर नाव द्या. माहिती गोळा झाल्यावर 'सल्लागार' म्हणून बोलावलेल्या माणसाला काही बदलता येत नाही.

एमए निवडताना पाठ्यक्रमाच्या नावापेक्षा दोन गोष्टी पाहा. ती पदवी तुमच्या इथल्या नियामक संस्थेच्या नोंदणीला चालते का, आणि देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम किती तासांचं आहे. संस्थेला लेखी विचारा, माहितीपत्रकावर विसंबू नका. प्राध्यापकपदाच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या जाहिराती काढून पात्रतेचा परिच्छेद वाचा. शिक्षणशास्त्र विभागाला कुठली पदव्युत्तर पदवी चालते, मानसशास्त्र विभागाला कुठली, हे आत्ता कळलं तर पीएचडी कुठल्या विभागात करायची ते ठरतं. दोन्हीकडे अर्ज करता यावा अशी जुळणी हातात असताना ती सोडू नका.

प्रशिक्षणात तुम्हाला जे शिकवतील त्यातलं बरंच ऐकू येणाऱ्यांना धरून असेल. डोळे मिटून शिथिलीकरण करायला सांगितलं की कर्णबधिर व्यक्तीचा तुमच्याशी संपर्कच तुटतो. ते डोळे उघडे ठेवून करा किंवा खांद्यावरच्या हलक्या स्पर्शाची खूण आधी ठरवून घ्या. वहीत मान घालून लिहायला लागलात की संवाद थांबतो. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर तुमचा चेहरा काळोखात जातो. समोरचा मान डोलावतो ती बहुधा 'पाहतोय, पुढे सांगा' अशा अर्थाने, होकार म्हणून नाही. दुभाषी असेल तर तो तुमच्या बाजूला किंचित मागे बसावा, म्हणजे समोरच्याला दोघं एका नजरेत दिसतात. सत्राआधी दहा मिनिटं दुभाष्याला उद्देश सांगा, दर वेळी तोच दुभाषी ठेवा आणि तासापेक्षा मोठ्या कामाला दोन घ्या; वीस-तीस मिनिटांनंतर थकव्याने चुका वाढतात. घरच्या माणसाला दुभाषी कधीच करू नका. 'ओठ वाचता येतात की' म्हणून दुभाष्याचा खर्च नाकारणारे भेटतील. त्यांना आवाज न काढता 'पान', 'बाण' आणि 'मान' म्हणून दाखवा आणि कुठला शब्द कोणता ते ओळखायला सांगा.

देखरेख करणाऱ्या मार्गदर्शकाला सांकेतिक भाषा येत नसेल, तर परवानगी घेऊन सत्र चित्रित करा आणि महिन्यातून एकदा कर्णबधिर सल्लागारासह पाहा. नाहीतर तुम्ही जे सांगाल तेवढंच मार्गदर्शकाला कळेल. आणि आपल्याच शाळेतल्या, आपण गुण देतो त्या मुलांचं औपचारिक समुपदेशन करू नका. परीक्षेत नापास करणाऱ्या बाईंना मनातलं सांगणं मुलाला परवडत नाही. सरावासाठी दुसरी संस्था शोधा.

तोवर मधल्या सुट्टीत येणाऱ्या मुलांना मात्र परत पाठवू नका. दाराला काच नसलेली खोली बघा. सांकेतिक भाषेतलं गुपित काचेतून अख्ख्या व्हरांड्याला 'ऐकू' जातं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण जिवाला धोका किंवा अत्याचार कळला तर तुम्हाला सांगावंच लागेल. कर्णबधिर मुलांच्या बाबतीत हा धोका इतरांपेक्षा जास्त आढळतो. तसं काही पुढे आलं तर हो-नाहीचे प्रश्न विचारू नका, 'मग काय झालं, दाखव' एवढंच म्हणा, मुलाने केलेली खूण जशीच्या तशी वर्णन करून तारखेसह लिहा, आणि त्याच दिवशी शाळेच्या बालसंरक्षण जबाबदार व्यक्तीकडे द्या. चौकशी तुम्ही करू नका. तुमच्या प्रश्नांनी मुलाची साक्ष बदलू शकते.

नोकरीबद्दल. विषय अरुंद ठेवा, पद्धत मात्र रुंद शिका. चाचणी-निर्मिती, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र हे विषय शिकवू शकणारा माणूस शिक्षणशास्त्रालाही हवा असतो, मानसशास्त्रालाही, वाचा-श्रवण संस्थांनाही. कर्णबधिरांसाठीचं उच्च शिक्षण देणाऱ्या, १८६४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या गॅलाडेट विद्यापीठाला १९८८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर पहिले कर्णबधिर अध्यक्ष मिळाले, ते आय. किंग जॉर्डन मानसशास्त्राचेच प्राध्यापक होते. शोधनिबंध दोन दिशांना पाठवा. एक 'जर्नल ऑफ डेफ स्टडीज अँड डेफ एज्युकेशन' किंवा १८४७ पासून निघणाऱ्या 'अमेरिकन ॲनल्स ऑफ द डेफ' यांसारख्या नियतकालिकाला, दुसरा समुपदेशन किंवा मापनाच्या नियतकालिकाला. पहिल्यामुळे क्षेत्रातले लोक ओळखतात, दुसऱ्यामुळे निवड समिती. पैसे भरून पंधरा दिवसांत छापणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. तसा निबंध पुढे यादीतून काढताही येत नाही आणि दाखवताही येत नाही.

मार्गदर्शक शक्यतो दोन घ्या. एक मापन किंवा समुपदेशनातले, दुसरे सांकेतिक भाषेचे वा कर्णबधिर शिक्षणाचे, आणि दोघांपैकी एक कर्णबधिर असतील तर उत्तमच. पहिलं पत्र एका पानाचं असू द्या. कोणती चाचणी, कोणत्या वयासाठी, कोणत्या सांकेतिक भाषेत, सहभागी कुठून मिळतील, कोणत्या कर्णबधिर सहकाऱ्याने होकार दिला आहे आणि तुमची भाषा सध्या कोणत्या पातळीवर आहे, हे सहा मुद्दे त्यात येऊ द्या. सोबत तुम्ही स्वतः साइन करून मांडलेल्या प्रस्तावाची दोन मिनिटांची चित्रफीत जोडा.